इंग्रजीतली बोंबाबोंब

हॉटेलात सूप गार आलं तरी इंग्रज माणूस ते मुकाट्याने संपवतो आणि वेटरने विचारलं तर ‘लव्हली, थँक यू’ म्हणतो, अशी त्या लोकांनी स्वतःचीच केलेली जुनी थट्टा आहे. त्यातूनही एखाद्याने तोंड उघडलंच, तर सुरुवात ठरलेली असते: ‘आय डोन्ट वॉन्ट टु मेक अ फस, बट…’ म्हणजे, मला उगाच बाऊ करायचा नाही, पण. ‘पण’च्या पुढे अर्थातच तक्रार येते. फस हा शब्द माणूस स्वतःला लावतो तो बहुधा असाच, नकाराची ढाल पुढे करून. फस करतात ते दुसरे. आपण करतो ती रास्त तक्रार.

या कुळातल्या शब्दांची इंग्रजीत रेलचेल आहे. फस, टू-डू, ॲडू, कमोशन, रंपस, रकस, हलाबलू, हबब, ब्रूहाहा, करफफल, हू-हा, राउ, अपरोर, आउटक्राय, फ्युरोर. शब्दकोश उघडावा तर एक शब्द दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि शेवटी आपण फिरून पहिल्यापाशी येतो. वर्गात हे शब्द आवाजाच्या उतरंडीने शिकवतात: फस लहान, कमोशन जरा मोठं, अपरोर सगळ्यांत मोठा. ही उतरंड अगदी खोटी नाही, पण तिने फार काही उलगडत नाही. ओरडा किती मोठा होता यापेक्षा ओरडणाऱ्याला ओरडायचा हक्क होता का, याचा निकाल हे शब्द आधीच देऊन मोकळे होतात.

व्याकरणातच पाहा. ‘शी मेड अ फस अबाउट द डिसिजन’ या वाक्यात कर्ता ‘ती’ आहे. निर्णय बिचारा वाक्याच्या शेपटाला निमूट उभा. आता ‘द डिसिजन कॉज्ड ॲन आउटक्राय’ घ्या. इथे कर्ता निर्णय आहे, ओरडा हा त्याचा परिणाम, आणि ओरडणारी माणसं वाक्यात दिसतच नाहीत. घटना एकच असू शकते. पहिल्या वाक्यात पिंजऱ्यात ती बाई उभी आहे, दुसऱ्यात तो निर्णय. फस माणूस ‘मेक’ करतो. आउटक्राय, अपरोर, फ्युरोर एखाद्या गोष्टीमुळे ‘कॉज’ होतात किंवा ठिणगी पडल्यासारखे ‘स्पार्क’ होतात. ‘ही मेड अ फ्युरोर’ असं सहसा कुणी म्हणत नाही. आपल्याकडेही असंच आहे. ‘तिने कांगावा केला’ आणि ‘त्या निर्णयावरून गदारोळ उठला’ ही दोन वाक्यं लिहिणारे दोन वार्ताहर एकाच सभेला हजर असू शकतात.

फस हा शब्द अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत दिसू लागतो. तो कुठून आला हे ठरलेलं नाही. बुडबुड्यांच्या किंवा फुसफुसण्याच्या आवाजावरून आला असावा असा एक तर्क आहे. त्याची खरी गंमत त्याच्या मागून येणाऱ्या शब्दयोगींत आहे. ‘फस अबाउट’ म्हणजे बाऊ. पण ब्रिटनमध्ये ‘मेक अ फस ऑफ समवन’ म्हणजे कुणाचे तरी लाड करणं, कोडकौतुक करणं. आजी नातवाचा करते तो फस ऑफ, नातू जेवताना करतो तो फस अबाउट. अमेरिकेत लाडासाठी ‘ओव्हर’ चालतं, आणि तेच ‘ओव्हर’ तक्रारीसाठीही चालतं, त्यामुळे तिथे संदर्भ पाहूनच समजून घ्यावं लागतं. पाहुणा दाराशीच ‘प्लीज, नो फस’ म्हणतो तेव्हा त्याला आपल्या ‘उगाच घाट घालू नका हं’ इतकंच म्हणायचं असतं. ‘फसी’ म्हणजे जेवणात नाकं मुरडणारा. फसी कपडा म्हणजे झालरी आणि फुलं अंमळ जास्त झालेला. ‘आय ॲम नॉट फस्ड’ हे खास ब्रिटिश: चहा की कॉफी, मला काहीही चालेल. सतत किरकिर करणाऱ्याला ब्रिटनमध्ये ‘फसपॉट’ म्हणतात आणि अमेरिकेत ‘फसबजेट’. हा दुसरा शब्द ‘पीनट्स’ या चित्रमालिकेतल्या ल्यूसीमुळे चार्ल्स शुल्झच्या वाचकांच्या चांगला ओळखीचा झाला.

फसपेक्षा कितीतरी जुना शब्द ॲडू. आज तो ‘विदाउट फर्दर ॲडू’ या सूत्रसंचालकी वाक्यापुरता उरला आहे: अधिक वेळ न दवडता मी पाहुण्यांना आमंत्रित करते, वगैरे. उत्तर इंग्लंडच्या बोलीवर स्कँडिनेव्हियन भाषांचा दाट प्रभाव होता आणि तिथे क्रियापदाआधी ‘टू’च्या जागी ‘ॲट’ येत असे. ‘ॲट डू’ म्हणजे ‘करायचं’. त्याचाच जोडून झाला ॲडू. दक्षिणेकडच्या इंग्रजीने हीच जोडणी स्वतःच्या साहित्यातून केली आणि ‘टू-डू’ हा गडबडीचा शब्द मिळाला. फ्रेंचांनीही ‘आ फेअर’, म्हणजे पुन्हा ‘करायचं’, यातूनच ‘अफेअर’ घडवला आणि तो इंग्रजीत येऊन प्रकरण, भानगड या अर्थांनी स्थिरावला. साध्या ‘करायचं’ला तीन वाटांनी लफड्याची कळा आली. आपल्या ‘उठाठेवी’ची जातही हीच: मुळात उठवणं आणि ठेवणं, त्यात वाईट ते काय?

ॲडू अमर झाला तो १६०० साली छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या ‘मच ॲडू अबाउट नथिंग’मुळे. मराठीत या नावाचा अर्थ सहसा ‘कशात काही नसताना केलेला गाजावाजा’ असा सांगतात. नाटक पाहिलेला माणूस मात्र जरा थबकतो. हीरो या तरुणीवर भर लग्नात, वेदीसमोर, तिचा नियोजित वर बदफैलीचा खोटा आळ घेतो. ती मूर्च्छित पडते, बाप तिच्या मरणाची इच्छा बोलून दाखवतो आणि अखेर ती मेली अशी आवई उठवून तिला लपवावं लागतं. ह्यात ‘नथिंग’ आहे तो फक्त आरोप. त्या काळच्या उच्चारात ‘नथिंग’ आणि ‘नोटिंग’ जवळजवळ सारखेच ऐकू येत, आणि नोटिंग म्हणजे पाहणं, टिपणं, कान देणं. नाटकातला सगळा घोळ चोरून ऐकण्यातून आणि चुकीचं पाहण्यातून होतो. म्हणजे शीर्षकाने आधी ‘काही नाही’ म्हणून सांगितलं आणि मग त्या काही नाहीने एका मुलीचं आयुष्य कसं उधळता येतं ते दाखवलं. फसच्या कुळातल्या शब्दांवर याहून तिखट भाष्य मला तरी इंग्रजीत सापडलेलं नाही.

काही वाक्प्रचार उघडच मापं काढणारे आहेत. ब्रिटनमध्ये ‘स्टॉर्म इन अ टीकप’, अमेरिकेत ‘टेम्पेस्ट इन अ टीपॉट’. फ्रेंच आणि जर्मन लोक हेच वादळ पाण्याच्या ग्लासात उठवतात. मराठी वर्तमानपत्रांतलं ‘चहाच्या पेल्यातलं वादळ’ सरळ इंग्रजीतून आलेलं आहे आणि आता इतकं रुळलं आहे की ते परकं वाटत नाही. पण चहा युरोपात पोचायच्या कितीतरी आधी रोममध्ये हे वादळ पळीत उठत होतं. सिसेरोने आपल्या ‘कायद्यांविषयी’ या ग्रंथात ‘म्हणतात तसं’ असं जोडून ही म्हण वापरली आहे, म्हणजे त्याच्याही काळी ती म्हण जुनीच असणार. तो प्रसंग मुळातून पाहण्यासारखा आहे. सिसेरोच्या आर्पिनम या गावी ग्रॅटिडियस नावाच्या गृहस्थाने गुप्त मतपत्रिकेचा कायदा मांडला होता. उमरावांना तो नको होता, कारण तोंडी मतदानात कोण कुणाला मत देतं ते दिसत असे. सिसेरोच्या आजोबांनी या कायद्याला आयुष्यभर विरोध केला. नातवाने त्या प्रकरणाचं वर्णन ‘ग्रॅटिडियस पळीत लाटा उठवत होता’ असं केलं, आणि लगेच पुढे जोडलं की त्याच लाटा त्याच्या मुलाने नंतर एजियन समुद्रात उठवल्या.

गुप्त मतदानाची मागणी ही पळीतली लाट! विरोधी पक्षाच्या नातवाच्या लेखणीतून ती तशीच उतरणार. ग्रॅटिडियसच्या घरच्या कुणी ग्रंथ लिहिला असता, तर त्यात पळी आली असती असं वाटत नाही.

‘मेकिंग अ माउंटन आउट ऑफ अ मोलहिल’ हे दुसरं माप. मोल नावाचा प्राणी जमिनीखाली बिळं खोदतो आणि वर मातीचे लहान ढीग लोटतो. त्या ढिगाचा डोंगर करणं, म्हणजे आपला राईचा पर्वत. १५४८ साली निकोलस उडालच्या एका भाषांतरात हा वाक्प्रचार दिसतो, तोही एका थोरल्या भावाच्या जोडीने: माशीचा हत्ती करणं. ही माशी प्राचीन ग्रीकांची. लुशियन नावाच्या विनोदी लेखकाने माशीची स्तुती करणारा एक खट्याळ निबंध लिहिला आणि आता थांबतो, नाहीतर माशीचा हत्ती केला म्हणाल, अशा अर्थाचं बोलून तो संपवला. जर्मन आणि रशियन भाषांत तो हत्ती अजून हिंडतो आहे. इंग्रजीत मात्र ढिगाने त्याला हाकलून दिलं.

आता निव्वळ आवाजी शब्द. हे शब्द कानाला हसरे लागतात आणि त्यांचं बळही त्या हसण्यातच असतं. हलाबलू अठराव्या शतकातला. हाळी देण्याच्या ‘हलो’ला यमक जोडून झालेला दिसतो. आपल्या हलकल्लोळाशी त्याची सोयरीक जुळवायचा मोह होतो, पण तसं काही नातं नाही. हबब आयर्लंडकडून आला, बहुधा युद्धघोषातून किंवा तिरस्काराच्या उद्गारातून. पुढे तो इतका निवळला की आज बाजारातल्या किंवा नाटकाच्या मध्यंतरातल्या सौम्य गलबल्यालाही चालतो. त्यात भांडण असलंच पाहिजे असं नाही. ब्रूहाहा फ्रेंचांकडून आला. यहुद्यांच्या प्रार्थनेतल्या ‘बारूख हब्बा’, म्हणजे ‘जो येत आहे तो धन्य’, या शब्दांचा तो ख्रिस्ती कानांनी केलेला अपभ्रंश असावा असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल तर दुसऱ्यांची प्रार्थना आपल्याला कालवा वाटते याचा तो नमुनाच म्हणायचा. आज इंग्रजीत ब्रूहाहा म्हटलं की वर्तमानपत्री धुरळा डोळ्यांपुढे येतो: लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील.

करफफल हा यातला सगळ्यांत लबाड. तो स्कॉटिश आहे. ‘फफल’ म्हणजे विस्कटणं, चुरगाळणं, आणि आधीचा ‘कर’ हा वळण किंवा पीळ सुचवणारा गेलिक अंश. मूळ अर्थ असा कपडे-केस विस्कटण्याचा. म्हणूनच करफफलमध्ये कुणी दोषी नसतो, सगळे फक्त जरा विस्कटलेले असतात. एखाद्या मंत्र्याने स्वतःवरच्या आरोपांना ‘दिस लिटल करफफल’ म्हटलं की समजावं, त्याला प्रकरणाला इस्त्री मारून घडी घालून ठेवायची आहे. ‘हू-हा’सुद्धा याच कामाला येतो.

अपरोरची गोष्ट वेगळी. त्यात डरकाळी मारणारा ‘रोर’ ऐकू येतो, पण तो तिथे नाहीच. जर्मन ‘आउफरूर’ आणि डच ‘ओप्रूर’ म्हणजे उठाव, बंड. ‘रूर’ म्हणजे हालचाल, ढवळणं. सोळाव्या शतकात बायबल इंग्रजीत आणणाऱ्या टिंडेल आणि कव्हरडेल यांनी त्यावर बेतलेला अपरोर वापरला तेव्हा तो बंडाचाच शब्द होता. इंग्रजांच्या कानांनी त्यात सिंह बसवला आणि बंड विरून नुसता आवाज उरला. फ्युरोर लॅटिन क्रोधातून इटालियनमार्गे आला. ब्रिटनमध्ये त्याच्या शेपटाला एक जादा स्वर लावून ‘फ्युरोरी’ म्हणतात. त्याला व्यक्ती पुरत नाही, समाज लागतो. ब्रिटिश वर्तमानपत्रांचा लाडका शब्द मात्र ‘राउ’. स्पेलिंग ओळ या अर्थाच्या ‘रो’चंच, उच्चार निराळा. तीन अक्षरांचा असल्याने तो मथळ्यात कुठेही बसतो, आणि त्यात एक सोय अशी की राउमध्ये नेहमी दोन बाजू असतात. एकाने दुसऱ्यावर अन्याय केला असेल तरी मथळा म्हणतो, दोघांत राउ झाला.

ह्यू अँड क्राय हा तर कायद्याचा शब्द होता. एडवर्ड पहिला या राजाच्या १२८५ सालच्या विंचेस्टर कायद्याप्रमाणे दरोडा पडला की आरडाओरडा करत गुन्हेगाराचा पाठलाग करणं हे गावकऱ्यांचं कर्तव्य होतं. तो हाती लागला नाही तर त्या टापूतल्या लोकांना नुकसानभरपाई द्यावी लागे. गप्प राहणं हाच गुन्हा. आज मात्र ‘व्हाय धिस ह्यू अँड क्राय?’ असं विचारणारा, ओरडणाऱ्यांनाच गप्प बसा म्हणत असतो. भारतीय इंग्रजीत हा वाक्प्रचार अजून ठणठणीत आहे, ब्रिटनमध्ये तो जरा जुनाट वाटतो.

भारताकडूनही या पोतडीत भर पडली आहे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली निघाला. बर्नेल त्याआधीच वारला होता. त्यात ‘बॉबरी’ हा गोंगाट, दंगा या अर्थाचा शब्द आहे, आणि तो आपल्या ‘बाप रे’वरून आल्याचं कोशकार सांगतात. एतद्देशीय माणूस घाबरून बापाला हाक मारतो, साहेबाला त्यात नुसता गलका ऐकू येतो. ‘तमाशा’ही त्यात आहे. अरबी-फारसीतला फेरफटका आणि प्रेक्षणीय देखावा हे त्याचे मूळ अर्थ. साहेबांच्या इंग्रजीत तो समारंभ आणि मग गाजावाजा झाला, आणि महाराष्ट्रात ढोलकी-तुणतुण्याच्या संगतीने लोकनाट्य झाला. पण कोशाचं नावच यावर कडी करतं. मोहरममध्ये ‘या हसन! या हुसेन!’ म्हणत होणारा शोक गोऱ्या शिपायांच्या कानांवर पडला आणि त्याचं त्यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ केलं. अर्थ झाला देशी लोकांचा उत्सवी धुमाकूळ. कुणाच्या तरी शोकाचं नाव गोंगाटाला मिळालं आणि तेच एका विद्वान ग्रंथाच्या मुखपृष्ठावर चढलं.

अर्थात आपणही काही कमी नाही. देवीचा गोंधळ हा कुलाचार. संबळ वाजतो, दिवटी पाजळते, रात्रभर कथा रंगते. तरी ‘काय गोंधळ घातलाय!’ असं म्हणताना आपल्याला भवानीची आठवण येत नाही. रंगमंचावरून शिव्या उचलण्याची खोड इंग्रजीलाही आहे: सीन, ड्रामा, सर्कस, पँटोमाइम. ‘साँग अँड डान्स’ तर समुद्र ओलांडताना उलटा होतो. ब्रिटनमध्ये ‘मेक अ साँग अँड डान्स’ म्हणजे क्षुल्लक गोष्टीवर कांगावा. अमेरिकेत कुणी तुम्हाला ‘साँग अँड डान्स’ दिला तर त्याने लांबलचक थापा मारून जबाबदारी टाळली. ‘पलाव्हर’ची सफरही अशीच. पोर्तुगीज ‘पलाव्रा’ म्हणजे शब्द. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापारी आणि स्थानिक यांच्यातली बोलणी त्या नावाने होत. खलाशांनी तो शब्द इंग्लंडला नेला तो पाल्हाळ, फुकटची यातायात म्हणून. नायजेरियातल्या बोलीत त्याचाच अर्थ कटकट, संकट असा झाला. बोलण्यांतून कुणाच्या वाट्याला काय आलं, याचा त्यात थोडा हिशेब दिसतो.

माणसाच्या वैयक्तिक संतापाचे शब्द घेतले, की ते कुणाला लावले जातात हे लपत नाही. टॅन्ट्रम मुलांचा. ‘हिसी फिट’ अमेरिकी, बहुधा ‘हिस्टेरिकल’चा तुकडा, आणि हिस्टेरियाच्या मुळाशी ग्रीक भाषेतलं गर्भाशय आहे. पुरुषाला हिसी फिट आली असं म्हटलं की तो दुहेरी टोमणा होतो. ‘ड्रामा क्वीन’ला तसाच चलनात असलेला राजा नाही. ‘स्ट्रॉप’ हा ब्रिटिश किशोरवयीनांचा खास हक्क. हे सगळे प्रकार ‘थ्रो’ केले जातात, फेकले जातात. आपली आदळआपट त्याच घरची. इसाबेल स्टेंजर्स आणि व्हिन्सियान देस्प्रे या बेल्जियमच्या दोन तत्त्वज्ञ स्त्रियांनी विद्यापीठांतल्या बायकांवर लिहिलेलं पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आलं, ‘विमेन हू मेक अ फस’ या नावाने. मूळ फ्रेंच नावाचा शब्दशः अर्थ ‘गोष्टी करणाऱ्या बायका’, कारण फ्रेंचमध्ये कटकट करणं म्हणजे ‘गोष्टी करणं’. नको असलेला शब्द त्यांनी उचलून बिल्ल्यासारखा छातीवर लावला. फस स्वतःहून अंगावर घेणारी माणसं असतात ती अशी, विरळा.

मराठी माणसाला इंग्रजीत तक्रारपत्र लिहिताना या शब्दांत एक खड्डा हमखास लागतो. भारतीय इंग्रजीत सगळं ‘क्रिएट’ होतं: क्रिएट अ सीन, क्रिएट अ रकस, क्रिएट न्यूसन्स. लंडनचा संपादक इथे ‘कॉज’ किंवा ‘मेक’ करून देईल. पण जुन्या ब्रिटिश बोलीत ‘शी विल ओन्ली क्रिएट’ असं कर्माशिवायचं वाक्य आहे. काय क्रिएट करेल, ते सांगायची गरज नसते. अर्थ एवढाच की बाई आता थयथयाट करणार.